स्वतःचा टीपीआर

टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, घेणारी सिस्टर ही मुळात सराईत लबाड बाई. मनगटावर बोटं, नजर घड्याळावर. पेशंटला वाटतं, नाडी चाललीय. नाडी केव्हाच मोजून झालेली असते. हात तसाच धरून ती त्याच्या छातीची वरखाली मोजत असते. सांगून मोजलं की पेशंट शहाण्यासारखा श्वास घेऊ लागतो आणि आकडा बिघडतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20. सगळा वॉर्ड आम्ही असा मोजतो, स्वतःला सोडून. नाईटला पहाटे चार वाजता स्वतःचे मोजले तर डॉक्टरांना कॉल द्यावा लागेल.

अशा वेळी कुणीतरी प्रेमाने सांगतं, "सिस्टर, दीर्घ श्वास घ्या." इथेच घात होतो. दीर्घ म्हटलं की खांदे कानांना भिडतात आणि भात्यासारखे मोठमोठे श्वास सुरू. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या, डोकं गरगर. म्हणजे ताण घालवायला बसलेल्या सिस्टरसाठी आता मावशींनी स्ट्रेचर शोधायचं. श्वास मोठा नको, सावकाश हवा. त्यातही सोडायचा लांबवा. सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, खरी कमाई तिथेच.

खुर्चीत पाठ टेका, सलवारीची नाडी सैल करा. एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या वर. नाकाने 4 सेकंद आत, 6 सेकंद बाहेर. मिनिटाला सहा, पाच मिनिटांत तीस. खालचा हात हलायला हवा. वरचा हलला तर ती छातीची कवायत. सहापर्यंत पोचेपर्यंत जीव कासावीस होत असेल तर 3 आत, 4 बाहेर इथून सुरू करा. रोखून धरायची हौस नको. डबा खाल्ल्या खाल्ल्या नको. आणि एन-95 लावून तर नकोच, त्यातून हवा आधीच कष्टाने येते.

सेकंद मोजायला घड्याळ नसेल तर समोर ड्रिप असतेच. 20 थेंबांच्या (20 थेंबांत 1 मिली) सेटवर तासाला 180 मिली चालली असेल तर सेकंदाला बरोबर एक थेंब. 60 थेंबांत 1 मिली देणाऱ्या मायक्रो सेटवर त्याच वेगाला तासाला 60 मिली. मात्र आपल्या श्वासाला सोयीची म्हणून ड्रिप कमीजास्त करायची नाही! आणि थेंब थांबला तर व्यायाम सोडून आधी सुई बघायची.

नाईट संपवून पुढच्या सिस्टरला ओव्हर (वॉर्डचा ताबा) दिल्यावर कपालभाती करू नये, असं माझं ठाम मत. ती तरतरी आणते, आणि आपल्याला घरी जाऊन झोपायचंय. बीपी वाढलेलं असेल किंवा दिवस गेले असतील तर तिच्या वाटेलाच जाऊ नका. भ्रामरी चांगली, पण लेडीज डब्यात केली तर चार बायका पर्समधले मोबाईल तपासतात.

त्यापेक्षा तो 4-6 चा हिशेबच गाडीत करावा. सकाळी चर्चगेटहून विरारकडे उलट्या दिशेने जाताना बसायला जागा मिळते, तेवढंच नाईटचं सुख. फक्त बोरिवलीला उतरायचं असेल तर शेजारणीला आधी सांगून ठेवा. अंधेरी ओलांडेपर्यंत कसेबसे बारा श्वास मोजून होतात, तेरावा विरारला.