सातशे मीटरांसाठी एक गाडी

आमचे गाव जावळी तालुक्यात, कासचे पठार ओलांडून बामणोलीकडे उतरताना लागते. साताऱ्यातून निघाले, की यवतेश्वरचा घाट, कासचा तलाव, पठारावरचे धुके असे करत आपण मोठ्या ऐटीत वाडीच्या वरच्या अंगापर्यंत पोहोचतो, आणि तिथे एका जांभळीच्या झाडाशी डांबर संपते. तिथून आमच्या घराच्या ओट्यापर्यंतचे अंतर सातशे मीटर आहे. ग्रामपंचायतीच्या कागदावर तिथे रस्ता आहे. जमिनीवर तांबडी माती, जांभ्याचे सुटे धोंडे आणि पावसाळ्यात मधोमध वाहणारा एक ओहोळ आहे. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला अधिक सांगायला नको.

गेल्या वर्षी गौरी आवाहनाच्या दिवशी आमची छोटी मोटार या सातशे मीटरांतल्या पहिल्या साठांतच पोट टेकून बसली. मी एक्सलेटर दाबला की चाके जागच्या जागी फिरत आणि मागे ढकलणाऱ्या पुतण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर एकेक थर चढत जाई. शेवटी सौभाग्यवतींनी पंच्यात गुंडाळलेले गौरींचे मुखवटे छातीशी धरले, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि त्या चालू लागल्या. 'गौर आली कशाच्या पावलांनी?' या प्रश्नाला 'सोन्याच्या पावलांनी' असे उत्तर देण्याची रीत आहे. त्या दिवशी उंबऱ्यावर जी पावले उमटली ती पाहून चुलतवहिनींनी हा प्रश्न विचारलाच नाही.

त्याच रात्री मी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, गाडी घेण्याचे जाहीर केले. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो, त्यामुळे कोणताही निर्णय घेण्यापूर्वी शंभर पानी वही आणण्याची मला सवय आहे. वहीच्या पहिल्या पानावर मी थार, जिम्नी आणि गुरखा अशी तीन नावे लिहिली आणि आठवडाभरात त्यांच्यासमोर बरेच आकडे जमवले. थार साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते आणि गुरखा सातशे मिलिमीटर, हे मला पाठ झाले. जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर आहे, हा आकडा मात्र मी दोनदा अधोरेखित केला, कारण मंगळवार पेठेतला आमचा बोळ मी टेप लावून मोजून आलो होतो. डोंगर चढणारी, ओढे ओलांडणारी आणि चिखलाला न जुमानणारी गाडी घ्यावी आणि तिला आपल्याच दारात वळता येऊ नये, ही नामुष्की मला टाळायची होती.

शोरूममधल्या तरुणाने मला एक छोटा दांडा दाखवून दोन चाकांवरून चार चाकांवर कसे यायचे आणि फार अवघड चढाला 'फोर-लो', म्हणजे कमी वेगाचा पण जास्त जोराचा गिअर, कसे टाकायचे, हे समजावले. त्यानंतर त्याने हळूच सांगितले, की कोरड्या डांबरी रस्त्यावर हा दांडा वापरायचा नसतो, कारण वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि आतल्या यंत्रणेवर ताण येतो. म्हणजे घरापासून जांभळीच्या झाडापर्यंत या दांड्याकडे नुसते बघायचे. बहुतेकांना त्याची गरज पडत नाही, म्हणून थार २०२३पासून नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते, असे सांगून तो म्हणाला, "दिसायला सेमच असते, सर." आमच्या शहरात एवढे एक वाक्य पुष्कळ गाड्या खपवू शकेल.

इथवर सगळे सरळ होते. घोळ सुरू झाला तो स्टाफरूममध्ये अर्थशास्त्राच्या सरांनी "विकत कशाला घेता, लीजवर घ्या की," असे म्हटल्यापासून. डाउन पेमेंट नाही, विमा त्यांचा, सर्व्हिसिंग त्यांचे, महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची आणि मुदत संपली की किल्ली परत करून मोकळे व्हायचे, असे त्यांनी सांगितले. सरांनी स्वतः उभ्या आयुष्यात सायकलदेखील लीजवर घेतलेली नाही. परंतु अर्थशास्त्राचा माणूस म्हणून त्यांचे मत मी वहीत उतरवून घेतले.

चार दिवसांनी पुण्याच्या एका कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन आला. मुलगा अतिशय नम्र होता. वर्षाला किलोमीटरची मर्यादा, ती ओलांडल्यास प्रत्येक किलोमीटरला जादा आकार, मुदतीआधी गाडी परत केल्यास दंड, गाडीत कोणताही फेरफार करण्यास मनाई, असे तो एकेक कलम प्रार्थना म्हटल्यासारखे म्हणत गेला आणि मी वहीत टिपत गेलो. मग तो अठराव्या कलमाशी आला.

"सर, गाडी ऑफ-रोडिंगसाठी वापरता येणार नाही."

"अहो, पण गाडीच ऑफ-रोड आहे ना?"

"गाडी आहे सर, वापर नाही."

मी त्याला जांभळीच्या झाडापुढची सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, रस्ता असेल तर काही हरकत नाही. हा रस्ता आहे की नाही, हेच माझ्या जन्मापासून ठरलेले नाही, असे मी म्हणालो, तेव्हा त्याने "वरिष्ठांशी बोलून कळवतो" असे सांगितले. वरिष्ठही नम्र असावेत, कारण त्यांनी अद्याप नकार कळवलेला नाही.

फोन ठेवण्यापूर्वी मी सहज नंबर प्लेटची चौकशी केली, आणि बरे झाले केली. गाडी कंपनीच्या नावावर राहणार, पासिंग पुण्याचे होणार आणि नंबर एमएच १२ येणार. वाचकांपैकी जे साताऱ्याचे नाहीत त्यांना यात काही गैर दिसणार नाही. परंतु एमएच ११ हा आमच्याकडे नुसता परिवहन खात्याचा क्रमांक नाही. तो मोटारीच्या काचेवर, मोबाइलच्या कव्हरवर, क्वचित दंडावरही असतो. पोवई नाक्यावर माझ्या एमएच १२ गाडीला चार जण 'पाव्हणं' समजून रस्ता सांगू लागले आहेत, असे दृश्य डोळ्यांसमोर येऊन मी वहीचे ते पान उलटले.

तरीही आकडेमोड करणे माझे कर्तव्य होते. मी शोरूममधली किंमत पंधरा लाख धरली. दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात एकरकमी वाहनकर १४ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. विमा आणि किरकोळ खर्च ९० हजार. सगळे मिळून अठरा लाख. त्यांतले चार लाख भविष्य निर्वाह निधीतून काढायचे आणि १४ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घ्यायचे, तर हप्ता २९ हजार ६२ रुपये येतो. विम्याच्या तक्त्यात गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत ५ टक्के घसारा असतो आणि चौथ्या वर्षानंतर तो ५० टक्क्यांवर जातो. तोच धरून पाच वर्षांनी साडेसात लाख परत येतील असे मानले, आणि दरवर्षीचा विमा, सर्व्हिसिंग व टायर यांचे महिन्याला सहा हजार मिळवले, तर स्वतःची गाडी महिन्याला सुमारे २९ हजार २०० रुपयांना पडत होती. लीजच्या मुलाने सर्व समाविष्ट ४१ हजार सांगितले होते.

गणिताच्या माणसाने इथे थांबायला हवे होते. पण मी एक पायरी पुढे गेलो. गौरी-गणपती, यात्रा, भातलावणी, दिवाळी मिळून आम्ही वर्षातून दहा दिवस गावी जातो, आणि ज्यासाठी ही गाडी घ्यायची ते सातशे मीटर जाऊन-येऊन चौदाशे होतात. भागाकार केला, तेव्हा गाडी विकत घेतल्यास मला मीटरला २५ रुपये पडत होते आणि लीजवर घेतल्यास ३५. रिक्षावाले पहिल्या किलोमीटरला काय घेतात हे आठवून मी त्यांच्याविषयी मनात आजवर आणलेले सगळे वाईट विचार मागे घेतले.

गावी तात्यांच्या कानावर घातल्याशिवाय घरात काही खरेदी होत नाही. तात्या माझे चुलते. वय ८६, कान एक, स्मरणशक्ती अखंड. 'लीज' हा शब्द त्यांना कसा सांगावा याचा विचार करून मी म्हणालो, "तात्या, गाडी खंडानं घ्यायची म्हणतोय."

तात्या ताठ बसले. खंड हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्याची जमीन खंडाने कसली होती, १९४८चा कूळकायदा आला, पुढे १ एप्रिल १९५७ला कसणारी कुळे कायद्याने मालक ठरली आणि आमच्या घराला पहिल्यांदा स्वतःचा सातबारा मिळाला. कृषक दिनाची ही तारीख तात्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की ठाऊक आहे.

"किती वर्सं वहिवाट?" त्यांनी विचारले.

"पाच."

"आन् पाच वर्सांनी तुझं कूळ लागतंय का?"

मी सांगितले, की पाच वर्षांनी गाडी जशीच्या तशी परत द्यायची असते. तात्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी १९५७ सालची सगळी कमाई सावकाराच्या दारात नेऊन ओतली आहे. कसेल त्याची जमीन, तर चालवील त्याची गाडी का नाही, हा त्यांचा मुद्दा होता, आणि खरे सांगायचे तर अठरा कलमांच्या करारात मला त्याचे उत्तर सापडले नाही. "भाड्याचं तट्टू," एवढे बोलून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. ते गाडीबद्दल बोलले की माझ्याबद्दल, हे मी विचारले नाही.

आता पूजेचा प्रश्न राहिला होता. गाडी विकत घेतली, तर चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढे नारळ आणि मागच्या काचेवर 'श्री काळभैरवनाथ प्रसन्न' हे सगळे ओघाने येते. लीजच्या मुलाला मी विचारले, तेव्हा स्टिकर चालेल, पण परत करताना काढून द्यावा लागेल आणि काचेवर ओरखडा निघाल्यास त्याचा आकार लागेल, असे उत्तर मिळाले. काळभैरवनाथाला पाच वर्षांनी ब्लेडने खरवडून काढायचे, हे वाक्य मी सौभाग्यवतींना वाचून दाखवण्याचे धाडस केले नाही.

त्यांचे मत मी मुद्दाम शेवटी ठेवले होते, कारण ते एकदा ऐकले की वहीचा उपयोग उरत नाही. तांदूळ निवडता निवडता त्यांनी सगळे आकडे ऐकून घेतले. ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, मीटरला पंचवीस रुपये तुम्ही दर खेपेला देणार. त्यापेक्षा एकदाच तिथं मुरूम टाकून रोलर फिरवला तर? आहे ती गाडी जाईल की."

मी काही बोललो नाही. तीन महिने, शंभर पानी वही, दोन शोरूम आणि पुण्याचा एक नम्र मुलगा यांच्या डोक्यात जे आले नाही, ते ताटातल्या खड्यातून निघाले होते. तरी मी सांगून पाहिले, की तो सार्वजनिक रस्ता आहे आणि सार्वजनिक कामात खाजगी माणसाने पडू नये. खरे कारण वेगळे होते. शोरूमच्या आवारात त्या उंच सीटवर बसून मी एकदा खाली पाहिले होते, आणि खालून जाणारे सगळे लोक मला अकरावी अ तुकडीसारखे दिसले होते. हे सुख मुरमात मिळत नाही.

आणि मग परवा संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. "दादा, पेढे आणा! आपला रस्ता मंजूर झाला. जांभळीपासून ते खाली देवळापर्यंत काँक्रीट. येत्या रविवारी भूमिपूजन."

सौभाग्यवतींनी देवापुढे साखर ठेवली. वाडीत म्हणे हलगी वाजली. ज्या रस्त्यासाठी तात्यांनी चार सरपंचांना अर्ज दिले, तो मंजूर झाल्याच्या बातमीने वाडीतल्या इतिहासात ज्याचा चेहरा पडला असा मी एकटाच माणूस असेन. चार चाकांना एकदम ताकद देणारा तो छोटा दांडा माझ्या डोळ्यांसमोरून काही केल्या हलेना. काँक्रीटवरून आमची छोटी मोटार ओट्यापर्यंत जाणार, गौर कोरड्या पावलांनी येणार, आणि वहीत पंधरा पाने कोरी राहणार.

रात्री अकरा वाजता मला एक गोष्ट सुचली आणि मी उठून चुलतभावाला परत फोन लावला.

"ठेकेदार कोण आहे रे?"

त्याने नाव सांगितले. जांभळीपर्यंतचे डांबर ज्याने केले होते आणि दुसऱ्या पावसाळ्यात ज्याची खडी आम्ही अंगणात पसरायला गोळा करून आणली होती, तोच.

मी दिवा लावून वही उघडली. रस्ता दोन पावसाळे टिकला, तर तिसऱ्या गौरीला फोर बाय फोर लागणार, आणि ती पुढे दहा-बारा वर्षे लागणार. इतक्या मुदतीला लीज परवडत नाही. 'विकत' या शब्दाखाली मी रेघ ओढली आणि आतून आवाज आला, "अहो, दिवा मालवा. रविवारी भूमिपूजनाला जायचंय, आणि जांभळीपासून खाली चालायचंय."