‘रोग गरीब-श्रीमंत पाहत नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक संदेश टाकला आणि खाली लिहिले, “ताई, हे वाच. पोरीला वस्तीच्या भेटींतून सूट मिळावी म्हणून कॉलेजात अर्ज देणार आहे.” पोर म्हणजे माझी भाची, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना वस्त्यांतली किंवा खेड्यांतली काही कुटुंबे नेमून देतात आणि त्यांच्या घरी वेळोवेळी जावे लागते, त्याच या भेटी. तोच संदेश त्यानंतर सुदामा नगरच्या दोन ओळखीच्या घरांतूनही माझ्याकडे आला, त्यामुळे आता गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

संदेशाचे म्हणणे असे आहे : रोग गरीब-श्रीमंत पाहत नाही, म्हणून डॉक्टरला रुग्णाचे घर आणि धंदा कळण्याची गरज नाही, तपासण्या पुरेशा असतात, वस्त्या आणि खेडी फिरवण्यात अर्धे शिक्षण वाया जाते, ‘आरोग्य समता’, म्हणजे गरीब-श्रीमंत सर्वांना निरोगी राहण्याची सारखी संधी, हे परदेशातून आलेले खूळ आहे, आणि माणुसकी संस्कारांतून येते, कॉलेजात शिकवून येत नाही.

यातला पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो ऐकायला उदात्त वाटतो आणि त्याने माणसे दगावतात. रोग पाहत नसेल, पण धूळ, उपासमार आणि दवाखान्याचे अंतर नेमके पाहतात. जन्म-मृत्यूंची सरकारी पाहणी करणाऱ्या नमुना नोंदणी प्रणालीच्या 2020च्या आकड्यांनुसार हजार जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात 43 अर्भके दगावली आणि केरळात 6. दोन्ही राज्यांत डॉक्टर तीच पुस्तके वाचून पास होतात.

त्याहून जवळचे उदाहरण मध्य प्रदेशातल्याच झाबुआ, अलीराजपूर आणि धार जिल्ह्यांचे आहे. तिथले आदिवासी मजूर शेती पिकली नाही की गुजरातेत गोधरा-बालासिनोरच्या गारगोटी भरडणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. ती बारीक धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो, आणि तो एकदा झाला की बरा करणारे औषध नाही. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे क्षयासारखीच असतात, एक्स-रेही पुष्कळदा फसवतो आणि सिलिकोसिस असलेल्याला क्षय होण्याचा धोकाही वाढतो. या मजुरांच्या प्रकरणात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010 मध्ये 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली आणि शेवटी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती भरपाई देण्याचा आदेश काढावा लागला. ज्याच्या कागदावर डॉक्टरने नुसते ‘क्षय’ लिहिले, त्याच्या विधवेने भरपाई कशाच्या आधारावर मागायची? रुग्णाला धंदा विचारा, हे इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने 1700 साली सांगून ठेवले आहे, आणि आपण 2020 नंतरच्या विद्यार्थ्यांना तो प्रश्न अनावश्यक आहे असे सांगतो आहोत.

हे मी दुरून सांगत नाही. डॉक्टर म्हणून नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण भिलाला मी क्षयाची औषधे दिली, ती संपल्यावर पुन्हा दिली, आणि तो कुठे मजुरीला जाऊन आला हे एकदाही विचारले नाही. पुढे त्याच्याच फळियातला, म्हणजे पाड्यातला, दुसरा माणूस तशीच धाप घेऊन आला आणि “आम्ही दोघे एकाच कारखान्यात होतो” म्हणाला, तेव्हा मला कळले. पहिला तोवर गेला होता. विद्यार्थिदशेत कोणी मला त्या फळियात नेऊन बसवले असते, दिवाळीनंतर अर्धी घरे रिकामी का होतात हे दाखवले असते, तर तो प्रश्न माझ्या तोंडी आपोआप आला असता. वॉर्डातल्या खाटेवर रुग्ण आपल्या गावापासून तुटून आलेला असतो, म्हणून तिथे हे दिसत नाही.

अर्धे शिक्षण वाया जाते, हे तर सरळ खोटे आहे. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात या भेटींना मिळतात ते मोजके तास, आणि वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये सामुदायिक वैद्यकाला, म्हणजे समाजाच्या आरोग्याच्या विषयाला, 12 आठवडे. परदेशी खुळाबद्दल इतकेच सांगते की, डॉक्टरला समाजात नेऊन शिकवा ही शिफारस देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, केलेली आहे.

संस्कारांच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. कनवाळूपणा व्याख्यानातून येत नाही. आणि अनेक ठिकाणी या भेटी वाईट रीतीने होतात, हेही खरे : बस भरून विद्यार्थी येतात, वजन-रक्तदाब मोजतात, फोटो काढून परततात, सोबत शिक्षक नसतो, आणि त्या घरातल्या बाईला तिच्या रक्तक्षयासाठी साधी चिठ्ठीही मिळत नाही. भाचीनेही मला हेच सांगितले, आणि तिचा राग रास्त आहे. पण एखादे शिक्षण नीट दिले जात नसेल, तर ते नीट द्या म्हणावे. त्यातून सूट मागितली, तर ती बाई आहे तिथेच राहते.

म्हणून भावाला मी कळवले आहे की अर्ज जरूर दे, मजकूर मी लिहून देते. त्यात तीन मागण्या असतील : प्रत्येक भेटीला एक शिक्षक हजर असावा, शेवटच्या वर्षापर्यंत तीच कुटुंबे त्याच विद्यार्थ्याकडे राहावीत, आणि भेटीत जो आजारी सापडेल त्याला रुग्णालयात नेऊन दाखवण्याची जबाबदारी कॉलेजने घ्यावी.