गाडी हटवा म्हणणाऱ्या मित्रांना

हिवाळा लागला की जळगावच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर भरीत पार्ट्यांचे फोटो पडतात आणि त्यांच्या मागोमाग दरवर्षीचं भांडण. यंदा एकाने लिहिलं, ‘या चायनीजच्या गाड्या उचला भो, पोरं भरीत-भाकरी विसरली. संस्कृतीचं वाटोळं झालं.’ खाली अंगठ्यांची रांग. मी तेव्हा सिंगापुरात, तोआ पायोच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, टिश्यूचं पाकीट टाकून धरलेल्या टेबलावर कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची कॉफी, पीत होतो. डोकंच फिरलं.

संस्कृती म्हणे! जिच्यावाचून शेवभाजीचा रस्सा लाल होत नाही ती मिरची पोर्तुगीजांनी आणलेली, आणि आज नंदुरबारचा मिरची बाजार आपण छाती फुगवून सांगतो. चिकन मंचुरियन तर मुंबईचंच: कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची घालून ते केल्याचं सांगतात. इथल्या चिनी गाळ्यांवर मागून बघा, माणूस तोंडाकडे बघत राहील.

आणि भरीत विसरलं कोण? भरताला शेत लागतं, पऱ्हाट्यांचा जाळ लागतो, मित्रमंडळी लागतात. रात्री नऊला एमआयडीसीतून सुटलेल्या पोराने हे कुठून आणायचं? हाफ मंचुरियनला खिशात दोन नोटा पुरतात. भट्टीचा पंखा घुरघुरतो, कढईतून ज्वाळ उठते, कोबी-गाजर पडतं, कॉर्नफ्लॉवरचं पाणी ओतलं की रस्सा चटकन दाटतो. मग प्लेटवर प्लास्टिकची पिशवी चढवून तिच्यावर तो उकळता रस्सा! भांडायचं तर या पिशवीवरून भांडा ना. रंगावरून भांडा. कर्नाटकने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, गोबी मंचुरियनवर नाही.

सिंगापूरनेही रस्त्यावरचे हॉकर हटवले, पण १९७१ ते १९८६ या काळात त्यांना नळ, गटार, वीज असलेल्या केंद्रांत बसवलं. त्याच हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान दिला. हे सगळं मी ग्रुपवर ठासून लिहिलं. इथल्या म्हाताऱ्या गाळेवाल्यांची पोरं गाळ्यावर उभी राहायला तयार नाहीत, ते लिहिलं नाही. भांडणात आपले पत्ते कोण उघडे करतं?

उत्तर आलं, ‘तिकडे एसीत बसून शिकवू नको.’ हॉकर सेंटरमध्ये एसी नसतो, घामाच्या धारा लागतात, हेही मी तावातावाने कळवलं.

मागच्या दिवाळीत याच मित्रांबरोबर गाडीवर गेलो होतो. गाडीवाल्याने त्यांच्या हातात न विचारता प्लेटा दिल्या. मला म्हणाला, ‘साहेब, तिखट कमी टाकू? पाणी बाटलीचंच ना?’ सगळे फिदीफिदी हसले. मी शेझवान चटणी वाढवून घेतली, नाकातोंडातून धूर निघेस्तोवर खाल्ली. बाटली मात्र घेतली.

तेव्हा एकजण म्हणाला, ‘तुला तुझं कॉलेजच्या वेळचं गाव जसंच्या तसं पाहिजे.’ पाहिजेच. त्यांना आजीच्या वेळचं पाहिजे, मला माझ्या. फरक इतकाच की नगरसेवकाला मत ते देतात आणि मी मेसेज टाकतो. म्हणून यंदा मत मागायला कोणी दारात आलं, तर गाडीपाशी एक नळ तेवढा मागा रे.