माळ्यावरची बुल नाकानो

बायकांच्या कुस्त्या बघायला आवडतात, असं एखाद्या पुरुषाने चारचौघांत सांगून बघावं. समोरचा आधी हसतो, मग आवाज खाली आणून "अच्छा, अच्छा" म्हणतो, आणि त्याची बायको आपल्या बायकोकडे कणवेने बघू लागते. त्यानंतर सुप्लेक्स या डावाच्या तंत्रावर कितीही बोला, उपयोग शून्य.

माझा गुन्हा माळ्यावर आहे. अमेरिकन कुस्ती मासिकांचा गठ्ठा आणि व्हिडिओ कॅसेटची ट्रंक. मासिकं रद्दीवाल्याच्या ढिगातून उपसलेली. अंकभर आडदांड गडी. बायकांच्या वाट्याला शेवटाकडचं एखादं पान, तेही काळंपांढरं. त्या पानासाठी अख्खा अंक घ्यायचा आणि दिवाळी अंकात दडवून घरात आणायचा. एकदा आईला त्यात बुल नाकानो सापडली. जपानची मल्ल, अंगाने दणकट, ओठ रंगवलेले, केस डोक्यावर भिंतीसारखे उभे. आईने फोटो बराच वेळ न्याहाळला. "हिच्या केसांना कधी कुणी तेल लावलं नाही का रे?"

तिकडे जपानात ऐंशीच्या दशकात क्रश गॅल्स नावाच्या जोडीला बघायला शाळकरी मुली झुंडीने जायच्या, त्या हरल्या की रडायच्या. बडोद्यात त्या काळी रडायला मी एकटा.

कॅसेटचा राजा म्हणजे अमेरिकन कुस्तीच्या समरस्लॅम या मोठ्या कार्यक्रमाची १९९४ची कॅसेट. दांडिया बाजारातली व्हिडिओ लायब्ररी बंद झाली तेव्हा मी ही कॅसेट विकत घेतली. त्यात अंडरटेकर नावाचा मल्ल विरुद्ध दुसरा अंडरटेकर असा एक अचाट सामना आहे. तो लोकांनी इतका मागेपुढे करून पाहिलाय की आता पडद्यावर नुसता पाऊस पडतो. ब्रेट आणि ओवेन हार्ट या भावांची पिंजऱ्यातली मारामारीही तशीच झिजलेली. पण अमेरिकन मल्ल अलुंड्रा ब्लेझ विरुद्ध बुल नाकानो? कोरी करकरीत. त्या वेळात सगळं बडोदं चहा ठेवायला उठत असणार.

आता व्हीसीआर मेला, कॅसेटना बुरशी धरली, म्हणून त्या पेन ड्राइव्हवर उतरवून देणारा एक दुकानदार गाठला. त्याने वर न बघता विचारलं, "लग्ननी कॅसेट छे?" मी म्हटलं, "लावून तर बघा." लावली. बुल नाकानोने अलुंड्राला केसांना धरून भिरकावलं. तो जरा वेळ बघत राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "काका, आ कोनां लग्न छे?"

बायकोचं म्हणणं, हा सगळा कचरा दिवाळीच्या आत जावा. तिला पाझर फुटावा म्हणून मी अलुंड्राची पुढची कहाणी सांगितली. डब्ल्यूडब्ल्यूएफ या तिच्या कुस्ती कंपनीने करार संपवला, विजेतेपदाचा पट्टा तिच्याकडेच राहिला, आणि १८ डिसेंबर १९९५ला प्रतिस्पर्धी कंपनीच्या थेट कार्यक्रमात तिने तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. माझा गळा दाटून आला होता.

"तिला जमलं," बायको म्हणाली, "मग तुम्हाला काय होतंय?"

पण खरा विरोधक म्हणजे आमचे काका. जुम्मादादा व्यायाम मंदिरात घडलेलं शरीर, वय चौऱ्याऐंशी, आणि मत ठाम: बायकांची कुस्ती म्हणजे थेरं. ४ मे २०२४ला गूगलच्या पानावर पहिलवान हमीदा बानूचं चित्र आलं, तेव्हा मी मुद्दाम फोन त्यांच्या नाकाखाली धरला. १९५४ साली "मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन" असं आव्हान देत फिरणारी ही बाई बडोद्यातही आली होती. महाराजांच्या आश्रयाखालच्या छोट्या गामाने ऐनवेळी माघार घेतली, म्हणून बाबा पहलवान उतरला. तिने त्याला १ मिनिट ३४ सेकंदांत लोळवलं.

काका फोनकडे बघत म्हणाले, "होतो मी तिथे."

"काय सांगता! कशी झाली?"

"मला काय विचारतोस? शेंगा घ्यायला उठलो होतो. पुडी घेऊन येतो तर माणसं घरी निघालेली!" आवाज चढला. "ही काय कुस्ती? तिकिटाचे पैसे आईकडून उसने आणले होते."

म्हणजे गेली सत्तर वर्षं हा राग बाईवर नव्हता, शेंगावाल्यावर होता.

मी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. काका पाट मागवून अगदी पुढ्यात बसले. शेंगा विचारल्या तर हात झटकला. आठेक मिनिटांचा सामना, पण पठ्ठ्याने पापणी लवू दिली नाही. शेवटी अलुंड्राने नाकानोला कंबरेला विळखा घालून मागे उलटवलं, पंचाने तीन मोजले.

"खांदे टेकले नव्हते," काका म्हणाले. "पंच फितूर आहे. परत लाव."