टॉन्सिलमधले खडे आणि व्हिनेगरच्या गुळण्या

सध्या एक संदेश फिरतोय: ‘घशातून येणारे पांढरे, वास मारणारे खडे म्हणजे अस्वच्छतेची खूण. व्हिनेगरच्या गुळण्या करा, ३ दिवसांत विरघळतील. नाही गेले तर पिनेने काढा. परत आले तर टॉन्सिलच काढून टाका.’ यातलं पहिलं वाक्य अन्यायाचं, मधली दोन इजा करणारी आणि शेवटचं घाईचं आहे.

अस्वच्छतेचं आधी. टॉन्सिलवर खोल खाचा असतात. त्यांत मेलेल्या पेशी, अन्नकण, जिवाणू अडकतात, त्यावर कॅल्शियमचे क्षार साचतात आणि खडा तयार होतो. खाचा खोल असल्या की रोज दोनदा दात घासणाऱ्यालाही तो होतो. मलाही होतो. वास असतो तो जिवाणूंनी तयार केलेल्या गंधकाच्या संयुगांचा. तोंडावर हात धरून बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. एवढं शरमण्यासारखं यात काहीही नाही.

व्हिनेगरचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. खड्यातले क्षार आणि दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, बऱ्याच अंशी एकाच जातीचे: कॅल्शियम फॉस्फेट. खाचेत दडलेल्या खड्यापर्यंत गुळणीतलं आम्ल धड पोचत नाही, दातांवर मात्र थेट येतं. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल झिजू लागतं. व्हिनेगरचा पीएच २ ते ३ च्या आसपास असतो. झिजलेलं एनॅमल परत येत नाही. त्यापेक्षा जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याने जोरात गुळण्या करा. त्याने खडा विरघळत नाही, पण सैल झालेला निसटतो, आणि अन्नकणही धुतले जातात.

पिन तर नकोच. टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो, टोचलं की रक्त येतं. बरेच खडे आपोआप पडतात. खडा दिसत असेल तर आरशासमोर ओल्या इअरबडने शेजारी हलकेच दाबा. उमासा आला, दुखलं किंवा रक्त दिसलं की थांबा.

टॉन्सिल काढल्यावर खडे थांबतात, हे खरं. पण मोठ्या माणसाला त्यानंतर आठवडा-दोन आठवडे चांगलंच दुखतं, आणि आठवडाभराने रक्तस्राव होण्याचाही धोका असतो. खड्यांनी जगणं नकोसं केलं, बाकी उपाय थकले, तरच तो विचार.

एकाच बाजूचं टॉन्सिल मोठं दिसत असेल, मानेत गाठ लागत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, तर ‘खड्यांमुळेच असेल’ म्हणून थांबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा.