‘एका रात्रीत लिव्हर साफ’: ते हिरवे खडे येतात कुठून?

तोच मेसेज पुन्हा फिरतोय, आणि या वेळी मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या आमच्या मामांपर्यंत पोचलाय, म्हणून लिहिणं भाग आहे. मजकूर थोडक्यात असा: फॅटी लिव्हर म्हणजे साठलेली घाण, वजनाशी संबंध नाही. तेल-तूप सोडा, दिवसभर फळांच्या रसावर राहा, एप्सम सॉल्ट (जुलाब होणारं मॅग्नेशियमचं मीठ) घ्या, रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्या. सकाळी लिव्हरमधले हिरवे खडे पडतील, औषध लागणार नाही. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर काळजीच नको.

आधी खडे. ते पडतात, पण यकृतातून नाही. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी अशाच खड्यांची तपासणी छापली. ज्यांचे ते खडे होते, त्या चाळिशीतल्या बाईंनी ६०० मिली ऑलिव्ह तेल आणि ३०० मिली लिंबाचा रस घेतला होता. खऱ्या पित्तखड्यांत सापडतं ते कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य) किंवा कॅल्शियम, यातलं काहीच त्यांत नव्हतं. ४० अंश सेल्सिअसला १० मिनिटांत ते वितळून हिरवं तेलकट पाणी झालं. ७५ टक्के भाग मेदाम्लांचा (फॅटी ॲसिड). पोटात तेल फुटून मेदाम्लं होतात आणि लिंबातल्या पोटॅशियमशी मिळून त्यांचा साबण बनतो. म्हणजे रात्री प्यायलेलं तेलच सकाळी बाहेर पडतं! यकृतातली चरबी पेशींच्या आत थेंबाथेंबाने असते. ती खडे होऊन पडूच शकत नाही.

नुकसान मात्र खरं आहे. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर धोकादायक खाली जाते. किडनी कमजोर असेल तर एप्सम सॉल्टमधलं मॅग्नेशियम रक्तात साठतं. आणि पित्ताशयात खरेच खडे असतील तर एवढ्या तेलाने ते जोरात आकसतं, खडा नळीत अडकतो. मग कावीळ नाहीतर स्वादुपिंडाला सूज.

तेल-तुपाचं म्हणाल तर, यकृतातल्या चरबीचा माग काढला तेव्हा आहारातून थेट आलेली निघाली जेमतेम १५ टक्के. सुमारे ५९ टक्के अंगावरच्या चरबीतून सुटून आली होती आणि २६ टक्के यकृताने स्वतः बनवली होती, मुख्यतः साखर-पिठापासून. फळांच्या रसातलं फ्रुक्टोज याच कारखान्याला कच्चा माल पुरवतं. तळण कमी करा, ते बरोबरच आहे. पण त्याजागी रस नको.

आणि वजनाशी संबंध कसा नाही? भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ च्या पुढे जोखीम धरतात. कंबर पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० सेंमीच्या वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० च्या पुढे, रक्तदाब १३०/८५ च्या पुढे, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी: यातलं जेवढं जुळेल तेवढा धोका वाढतो. मधुमेह यात सर्वांत वाईट, कारण तो नुसती चरबी नाही तर यकृतात व्रण (फायब्रोसिस, म्हणजे पेशींच्या जागी घट्ट तंतू) वाढवतो. वर ‘थोडीशी’ दारू असेल तर आणखी.

एसजीपीटीवर विसंबू नका. एफआयबी-४ हा व्रणांचा अंदाज देणारा आकडा काढा: वय गुणिले एसजीओटी (यकृताची दुसरी रक्ततपासणी), भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). उदाहरणार्थ, वय ५५, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ६० हजार. बऱ्याच लॅबमध्ये एसजीओटी-एसजीपीटी दोन्ही नॉर्मल छापून येतील, पण उत्तर २.२९. १.३ च्या खाली (पासष्टीनंतर २ च्या खाली) असेल तर सहसा निश्चिंत; वर असेल तर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्यावा. साध्या सोनोग्राफीतल्या ‘ग्रेड १-२’वरून व्रण किती ते कळत नाही.

‘औषध लागत नाही’ हे अर्धसत्य मान्य करावं लागेल: सुरुवातीच्या टप्प्यात वजन ५ टक्के उतरलं तरी चरबी घटते, ७ ते १० टक्क्यांनी सूजही. ८० किलोच्या माणसाला ६ ते ८ किलो, तेही सहा महिने ते वर्षभरात. आठवड्याला दीड किलोहून वेगाने उतरवलं तर पित्ताशयात खरेखुरे खडे होण्याचा धोका वाढतो.