नगरसेवकाच्या हातात काहीच नसतं?

निवडणूक आली की सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश फिरतो. मजकूर साधारण असा: "घरं हा राज्याचा विषय, पर्यावरण केंद्राचा, सुरक्षा पोलिसांची. नगरसेवकाचं काम गटार, पाणी आणि दिवे. ज्याच्या पत्रकात घरं, झाडं, सुरक्षितता दिसेल तो उमेदवार फसवतोय असं समजा." आमच्या घरातूनही तो पुढे गेला. वाचायला व्यवहारी वाटतो, म्हणूनच त्याची जास्त काळजी वाटते.

आधी घरांचं बघू. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आणली तिच्यात १८ विषय आहेत. नगररचना, जमीन वापराचं नियमन आणि झोपडपट्टी सुधारणा हे त्यातलेच. आता हे अधिकार महापालिकांना किती द्यायचे ते घटनेने राज्यांवर सोडलं आहे, हे मान्य. पण महाराष्ट्रात १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने महापालिका आपल्या हद्दीची नियोजन प्राधिकरण आहे. विकास आराखड्याला, म्हणजे शहरातली कुठली जागा कशासाठी वापरायची या नियोजनाला, अंतिम मंजुरी राज्य सरकार देतं, तरी त्यावरच्या हरकती-सूचना ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे सदस्य बसतात. आणि स्थायी समितीत नगरसेवकच असतात.

याच कायद्याचं कलम १२७ प्रत्येक मतदाराने वाचावं असं मला मनापासून वाटतं. शाळा, मैदान किंवा बेघरांच्या घरांसाठी आरक्षित ठेवलेली जागा आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर जागेचा मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. त्यासाठी मोर्चा निघत नाही, मतदान होत नाही. फाइल पडून राहते आणि मुदत संपते. भूसंपादनाला अंदाजपत्रकात पैसे ठेवा म्हणून पालिकेच्या सभागृहात उपसूचना, म्हणजे बदल सुचवणारा प्रस्ताव, देणं हे कोणाचं काम? नगरसेवकाचंच. तिथे तो गप्प बसला तर गरिबांच्या घरांची जागा हातची जाते.

पर्यावरणाचा मुद्दा तर साफ चुकीचा आहे. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याने पालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं. अध्यक्ष आयुक्त असले तरी सदस्यांत नगरसेवक असतात. पर्यावरणाच्या स्थितीचा अहवालही आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपर्यंत सभागृहापुढे ठेवायचा असतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पर्जन्यवृक्ष आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या खोडावर तोडणीची नोटीस चिकटवलेली दिसली. कागद भिजून शाई पसरली होती, तारीख कशीबशी वाचता आली. हरकतीला सात दिवस होते, त्यातले चार उलटून गेलेले. आम्ही तिघींनी त्याच संध्याकाळी हरकत लिहिली. मुंबई-पुण्यात मार्च २०२२पासून काही वर्षं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, सगळा कारभार प्रशासकांकडे होता. अशा वेळी प्राधिकरणात नागरिकांचा निवडलेला एकही माणूस नसतो.

सुरक्षेच्या बाबतीत संदेशातला एक भाग खरा आहे. पोलीस राज्याकडे आहेत, पोलिसांच्या गस्तीचा हुकूम नगरसेवक काढू शकत नाही. पण माणसं मरतात ती फक्त गुन्ह्यांमुळे का? ४ एप्रिल २०१३ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जण गेले. अटक झालेल्यांत पालिकेच्या अधिकाऱ्यांबरोबर एक नगरसेवकही होता. ती इमारत पाडण्याचा अधिकार पालिकेचा होता. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मालकांकडून करून घेणं हेही पालिकेकडेच आहे. अग्निशमन दल तिचंच. आग प्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र इमारतीने दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, ते येतं की नाही हे तिथेच विचारायचं. अंधाऱ्या भुयारी मार्गातले दिवे आणि स्टेशनबाहेरचं बायकांचं स्वच्छतागृह हेही सुरक्षेचेच विषय आहेत. संदेश लिहिणाऱ्याने "दिवे" हलके म्हणून गणले, पण रात्री दहाला त्या भुयारी मार्गातून घरी येणाऱ्या मुलीला ते हलके वाटत नाहीत.

"प्रत्येकाला हक्काचं घर देईन" किंवा "वॉर्डात पोलीस ठाणं आणीन" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, एवढं संदेशाचं मी मानते. आयुक्तांच्या हातातली अंमलबजावणी नगरसेवक स्वतः करू शकत नाही. पण प्रश्न विचारणं, ठराव मांडणं, अंदाजपत्रक अडवणं किंवा वाढवणं त्याच्या हातात आहे. आणि "तुमच्या हातात काहीच नाही" असं आपणच म्हटलं, की पाच वर्षं तेच उत्तर ऐकावं लागतं.

आमच्या प्रभागातल्या आरक्षित जागांची यादी मी आराखड्यावरून काढून ठेवली आहे. उमेदवार दारात आले की पहिलं हेच विचारणार: यातल्या कुठल्या जागांवर कलम १२७ची नोटीस आली आहे, आणि तिची मुदत कधी संपते?